दोनशे वीस किलो जास्त

ऑल्डरसींच्या तबेल्यावर मी दर सहा आठवड्यांनी जातो. ही गोष्ट घडली तेव्हा तिथे नऊ घोडे होते, म्हणजे छत्तीस खूर, आणि ते माझ्यासमोर धरायला ग्लेनिस. इंग्लंडातल्या या हेरफर्डशरात मी एकतीस वर्षं नाल मारतोय. शंभरेक तबेले पाहिले, पण घोड्याला नालबंदापुढे नीट उभं करणारं माणूस एकच पाहिलं. ती घोड्याशी गोडगोड बोलत नाही, त्याला कुरवाळत नाही. दोरी हातात घेऊन बाजूला उभी राहते आणि माझ्याशी गावातल्या लोकांची उणीदुणी काढते. घोडा ऐकत उभा राहतो.

ग्लेनिस प्रॉसर मूळची डोंगरापलीकडची, वेल्समधली. सतराव्या वर्षी इथे मोतद्दार म्हणून लागली, तेव्हा आताच्या साहेबांची आई घर चालवत होती. आता ग्लेनिस एकसष्टची आहे. लग्न केलं नाही. एकदा ठरलं होतं, पण तो म्हणाला, रविवारी तरी घोडे सोडत जा. तिने त्यालाच सोडलं. तबेल्याला लागून दोन खोल्यांचं घर आहे, त्यात राहते. घर ऑल्डरसींचं, नोकरी असेतोवर तिचं. गुडघे गेलेत, डावं मनगट एका शिंगराने लाथ मारून कायमचं वाकडं केलंय. ते मनगट दाखवून ती सांगते की त्या दिवशी चूक तिचीच होती.

पण तिचं नाव झालं ते घोडे न्यायच्या ट्रेलरमुळे. गाडीमागे ट्रेलर जोडून पुढे जाणं कोणालाही जमतं. मागे घ्यायचा म्हटलं की भल्याभल्यांना घाम फुटतो. चाक इकडे वळवावं तर ट्रेलर तिकडे पळतो, आणि आत अर्धा टन वजनाचा जीव पाय आपटत असतो. घोड्यांच्या स्पर्धांना मैदानात दोनशे ट्रेलर लागलेले असतात, मधे चिखल, आणि कुठले तरी बँकवाले साहेब कोपऱ्यात वाकडेतिकडे अडकलेले, शेजारी बायको दात ओठ खात बसलेली. ग्लेनिस जाऊन काचेवर टकटक करायची. "उतरा साहेब, चहा घेऊन या." ते चहा घेऊन येईपर्यंत ट्रेलर जागेवर लागलेला असायचा. नवरे तिचे आभार मानत नसत, बायका मानत.

नव्या माणसाला शिकवायची तिची रीत ठरलेली. रिकाम्या ट्रेलरमध्ये त्याला उभं करायचं, हात खिशात घालायला लावायचे, आणि शेतातून दोन फेऱ्या मारायच्या. हात बाहेर काढायचा नाही. घोड्याला कुठे हात असतात, म्हणते. मीसुद्धा त्या फेऱ्या मारल्यात. तिने गाडी अशी चालवली की मी डगमगलो नाही. मग तिने मुद्दाम एकदा ब्रेक मारला आणि माझं कपाळ फळीवर आपटलं. "कळलं?" एवढंच म्हणाली.

तिची किंमत आणखी एका कारणाने होती. सत्त्याण्णवनंतर परवाना काढलेल्यांना असा जड ट्रेलर ओढायला वेगळी परीक्षा द्यावी लागे. ग्लेनिसचा परवाना जुना, त्यामुळे तिला सगळं माफ होतं. ऑल्डरसींच्या मुलीने, अरमिंटाने, ती परीक्षा दोनदा दिली आणि दोनदा नापास झाली. मग चार वर्षांपूर्वी सरकारने परीक्षाच काढून टाकली. एका रात्रीत सगळा देश ट्रेलर ओढायला लायक झाला. मिंटी, तिला सगळे मिंटीच म्हणतात, दुसऱ्या दिवशी ट्रेलर घेऊन निघाली आणि फाटकाचा खांब घेऊन परत आली.

आता घोड्यांचं सांगतो. मिंटीची टॅन्झी नावाची घोडी आहे, लाल रंगाची, उडी मारण्यात पटाईत. अशा घोडीच्या किमतीत माझं घर दुरुस्त होऊन वर एखादी खोली चढेल. पण ती ट्रेलरमध्ये एकटी उभी राहत नाही. तीन वर्षांची असताना तिला एकटीला जहाजातून आणलं होतं, तेव्हापासून तिच्या डोक्यात बसलंय. शेजारी कोणी असेल तर कोकरू. एकटी असेल तर भिंती लाथांनी फोडते.

शेजारी उभा राहायला पार्सन होता. काळा, थोराड, चोवीस वर्षांचा, गळ्यापाशी पाद्र्याच्या कॉलरसारखा पांढरा पट्टा. एके काळी शिकारीला धावायचा, मग मिंटीला त्याच्यावर बसायला शिकवलं, आणि शेवटची सहा वर्षं त्याला एकच काम होतं. ट्रेलरमध्ये टॅन्झीच्या बाजूला उभं राहून गवत खायचं. स्पर्धा तिची, बक्षीस तिचं, फोटो तिचा. हा आपला दिवसभर ट्रेलरला बांधलेला. त्याचे पाय धरताना मला कधी जोर लावावा लागला नाही. मी वाकलो की तो आपणहून खूर उचलून देई.

गेल्या ऑगस्टपर्यंत त्यांच्याकडे जुनी डिझेलची गाडी होती. आवाज रणगाड्यासारखा, धूर त्याहून वाईट, पण साडेतीन टन ओढायची. मग साहेबांच्या कंपनीच्या हिशेबनिसाने सांगितलं की बॅटरीवाली घ्या, कर नावालाच भरावा लागेल. आली एक नवी. चांदीसारखी, दार उघडलं की पायरी आपोआप खाली येते, बसलं की पाठीला मालीश होतं. अर्धी विजेवर, अर्धी पेट्रोलवर. चिखलात चालायला बनवलेली आणि चिखल लागू नये म्हणून जपलेली. तिला वीज पाजायला तबेल्याच्या भिंतीवर पेटी बसवली. तिथे पार्सनला बांधायची लोखंडी कडी होती, ती वीजवाल्याने उपटून काढली आणि बादलीत टाकली. त्या भिंतीसमोरच्या सपाट जागेवर मी एकतीस वर्षं काम करत आलो, आता तिथे गाडी उभी. त्या दिवशी मला उतारावर घोडे धरून नाल मारावे लागले, आणि मी दिवसभर शिव्या घालत होतो.

ग्लेनिस गाडीच्या पायरीवर बसून, चष्मा लावून, दाराच्या कडेला चिकटवलेली पट्टी वाचत होती. त्यावर आकडे असतात. मोठ्यातून धाकटा वजा केला की गाडी किती ओढू शकते ते कळतं. तिने खुराकाच्या पोत्यावर पेन्सिलने वजाबाकी केली. मग गाडीचं पुस्तक काढून ताडून पाहिलं.

"दोन हजार किलो," ती मला म्हणाली. "ट्रेलरच जवळपास हजार आहे, डेन्झिल. दोघांना कुठे बसवू, मांडीवर?"

"एवढ्या महागड्या गाडीला दोन घोडे झेपत नाहीत?"

"पोटात बॅटरी भरलीय ना. स्वतःलाच ओढताना दमते बहुतेक."

तिने हे मिसेस ऑल्डरसींना सांगितलं. त्या वाईट बाई नाहीत, हे आधी सांगतो. नाताळला मला बाटली देतात, माझ्या बायकोचं नाव लक्षात ठेवतात. पण त्यांच्या घरात अप्रिय गोष्ट अशी कानाआड करतात की सांगणाऱ्यालाच वाटावं, आपण उगाच तोंड उघडलं.

"अगं ग्लेनिस," त्या हसून म्हणाल्या, "तो विकणारा म्हणत होता, चारशे घोड्यांची ताकद आहे हिच्यात."

"असेल बाई. मला दोनच न्यायचेत, आणि ते हिला जड होतात."

"बघू आपण," त्या म्हणाल्या आणि घरात गेल्या.

सप्टेंबरात लडलो गावी स्पर्धा होती. ग्लेनिसने दोन घोडे घालून ती गाडी चालवायला साफ नकार दिला. रस्त्यात पोलिसांनी वजन केलं तर गुन्हा चालवणाऱ्याच्या नावावर लागतो, गाडीच्या मालकाच्या नाही. आणि उतारावर मागचं वजन गाडीला ढकलायला लागलं तर पोलिसही लागत नाहीत. तिने तोडगाही सुचवला. शेजारच्या मेंढपाळ शेतकऱ्याची जुनी पिकअप आहे, तो स्पर्धेच्या दिवशी आनंदाने देईल. मिसेस ऑल्डरसींनी त्या पिकअपकडे कुंपणावरून एक नजर टाकली. मागच्या फळीवर मेंढ्यांच्या लेंड्या वाळलेल्या होत्या. "बघू आपण," त्या पुन्हा म्हणाल्या. शेवटी मिंटी एकट्या टॅन्झीला घेऊन गेली आणि अर्ध्या वाटेतून परत आली. घोडीच्या मागच्या पायाला कापलं होतं, ट्रेलरची मधली फळी दुभंगली होती.

त्यानंतरच्या मंगळवारी मी तिथे होतो. आणि इथे मी तोंड घातलं.

"तोंडी सांगून या घरात काही होणार नाही," मी ग्लेनिसला म्हणालो. "वजनच करून घे. धान्याच्या गिरणीवर काटा आहे, तिथला माणूस माझ्या ओळखीचा आहे. छापील चिठ्ठी देतो. कागद समोर ठेवला की साहेबांना गाडी बदलावीच लागेल. दोन घोडे तर न्यायचेच आहेत."

तिला पटलं. मलाही पटलं होतं. आम्हा कामकरी माणसांची ही जुनी खोड आहे. आपण नीट मोजून दिलं की समोरचा नीट वागेल, असं आम्हाला वाटतं.

गिरणी दोन मैलांवर, रस्ता सपाट, म्हणून तेवढ्यापुरता ग्लेनिसने आपला नकार बाजूला ठेवला आणि दुभंगलेली फळी दोरीने आवळली. मीही सोबत गेलो. टॅन्झी, पार्सन, गवताच्या जाळ्या, पाणी, खोगिरं, सगळं स्पर्धेला जाताना असतं तसं. ट्रेलर गाडीपासून सोडवून काट्यावर उभा केला. चिठ्ठी आली, दोन हजार दोनशे वीस. ग्लेनिसने ती घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि वर हात दाबून धरला. मग ट्रेलरचं मागचं दार खाली पाडून पार्सनला एक गाजर दिलं. "बघ, तुझी जागा पक्की करून आणली," असं त्याला म्हणाली. घोड्याशी बोलताना मी तिला ऐकलं ते तेवढंच.

चिठ्ठी तिने माझ्यासमोरच दिली. मिसेस ऑल्डरसींनी ती दोनदा वाचली, आणि त्यांचा चेहरा खरोखर उजळला.

"ग्लेनिस, किती बरं केलंस. आता मी त्यांना नुसतं सांगण्यापेक्षा दाखवू शकते."

त्या दिवशी ग्लेनिसने मला चहाबरोबर फळांच्या केकचा एवढा मोठा तुकडा दिला की मला घरी जेवण गेलं नाही.

शुक्रवारी मला फोन आला, एका घोड्याचे नाल काढायचे आहेत. मारायचे नाहीत, काढायचे. मी गेलो तेव्हा मिसेस ऑल्डरसी अंगणातच ग्लेनिसशी बोलत होत्या. मला पाहून थांबल्या नाहीत. नालबंदापुढे थांबायचं असतं असं त्यांना वाटत नसावं.

"आम्ही दोघं नीट बसलो, सगळं बोललो. तुझंच बरोबर आहे, ग्लेनिस. दोन घोडे नाहीच जमायचे. जिवाशी खेळ नको. तू वजन केलं नसतंस तर आम्ही तसंच रेटत राहिलो असतो."

"मग गाडी परत..." ग्लेनिस म्हणाली.

"गाडी तर तीन वर्षांच्या कराराची आहे गं. पण मिंटीला एक युक्ती सापडलीय. ट्रेलरच्या आत भिंतीवर आरसा लावतात. न फुटणारा. घोडीला वाटतं, शेजारी कोणीतरी आहे."

ग्लेनिस पार्सनच्या खणाकडे बघत होती.

"आणि पार्सनचं वय झालंय. बिनकामाचा कंटाळतो, तू म्हणायचीस ना? आता पुन्हा हिवाळा. मला त्याचे हाल बघवणार नाहीत."

"त्याला काहीही झालेलं नाही."

"म्हणूनच तर. काही होईपर्यंत थांबायचं, हे त्याच्यावर अन्यायाचं नाही का?"

"मला द्या त्याला," ग्लेनिस म्हणाली. "मी सांभाळते."

"कुठे ठेवशील, ग्लेनिस?" मिसेस ऑल्डरसींनी हे प्रेमाने विचारलं. प्रेमानेच विचारलं, म्हणून मला आजही त्याची चीड येते. चव्वेचाळीस वर्षं त्या अंगणात राबलेल्या बाईकडे एक घोडा उभा करण्याइतकी जमीन नव्हती. डोक्यावरचं छप्परही विचारणाऱ्याचंच होतं. "आमच्याच कुरणात ठेवायचा म्हणजे पुन्हा तेच झालं ना."

माझ्या भट्टीमागे दीड एकर गवत आहे. कुंपण धड आहे, पाण्याचा हौद आहे. बायको कुरकुरली असती आठवडाभर, मग तिनेच त्याला सफरचंदं चारली असती. मी उतारावर हत्यारांची पेटी उघडून उभा होतो आणि हे सगळं माझ्या डोक्यात आलं. हेही आलं की या तबेल्यावर उरलेले आठ घोडे आहेत, आणि मालकिणीच्या निर्णयात नालबंदाने नाक खुपसलेलं कोणाला आवडत नाही. मी पेटीतला चिमटा शोधत राहिलो. चिमटा वरच होता.

आमच्याकडे म्हातारा घोडा शिकारी कुत्र्यांच्या आवारात नेतात. तिथला माणूस बंदूक चालवण्यात तरबेज असतो, घोड्याला कळतसुद्धा नाही, आणि मांस कुत्र्यांना जातं. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय. लोक याला घोड्याचा मान राखणं म्हणतात. नाल मात्र आधी काढून ठेवतात.

पार्सनने चारही पाय मला आपणहून उचलून दिले. नाल अजून पाच आठवडे सहज टिकले असते, मीच बसवलेले होते. ग्लेनिस दोरी धरून उभी होती. त्या दिवशी तिने गावातल्या कोणाचंही नाव काढलं नाही. मिसेस ऑल्डरसींनी एक नाल स्वतःसाठी मागून घेतला, साफ करून दिवाणखान्यात लावायला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मला बघवणार नाही म्हणाल्या आणि मागच्या दाराने आत गेल्या.

मग ग्लेनिसने ट्रेलर जोडला. तिच्या त्या वाकड्या मनगटाला जोडणीची कडी खाली ओढायला जड गेली, तरी मला हात लावू दिला नाही. दोरी हलताच पार्सन ट्रेलरमध्ये चढला. त्याची नेहमीची डावी बाजू सोडून तिने त्याला मधोमध उभं केलं, कारण मधली फळी दुरुस्तीसाठी काढलेली होती आणि आता जागा भरपूर होती. एक घोडा, एक ट्रेलर. सगळं मिळून सोळाशेच्या आत, नियमात बसणारं. गाडी रात्रभर भिंतीला लावलेली होती, बॅटरी भरलेली. कुत्र्यांच्या आवारापर्यंतच्या नऊ मैलांना तिला पेट्रोलची गरजच नव्हती. अंगणातून बाहेर पडताना कसलाच आवाज झाला नाही. जुन्या डिझेलचं इंजिन लागलं की टॅन्झी आपल्या खणातून पार्सनला हाक द्यायची. त्या दिवशी तिने गवतातून डोकंही वर केलं नाही, कारण कोणी निघालंय हे तिला कळलंच नव्हतं.

त्यानंतर सहा आठवड्यांनी माझी फेरी आली. ग्लेनिसने टॅन्झीला धरलं होतं. ट्रेलर उघडा उभा होता, आत डाव्या भिंतीवर आरसा लागलेला. तीन किलोंचा, तिनेच सांगितलं. घोडी आता आरामात जाते, फक्त वळणावर त्याला नाक लावून बघते. मिंटीला मागच्या रविवारी दुसरं बक्षीस मिळालं होतं. आरशावर घोडीच्या श्वासाने डाग पडतात, ते पुसायला ग्लेनिसच्या खिशात एक फडकं होतं.

मी दोन खूर केले. तिसरा मांडीवर घेतल्यावर माझ्याने राहवेना.

"मी तुला काट्यावर पाठवायला नको होतं, ग्लेनिस."

"मीच गेले," ती म्हणाली. "तू काही माझा हात धरून नेलं नाहीस."

"दीड एकर होतं माझ्याकडे."

"माहीत आहे मला. दर वेळी तुझ्याकडे येते तेव्हा बघते ना." ती रागावून बोलत नव्हती, आणि त्यामुळे मला मान वर करता येईना.

तिसरा खूर खाली ठेवून मी विचारलं, "निदान तू तरी का नेलंस त्याला? नाही म्हणायचं होतंस. त्यांनी नेलं असतं, नाहीतर आवारातला माणूस इथे आला असता."

"तो इथे आला असता तर बाकीच्या घोड्यांनी बंदुकीचा आवाज ऐकला असता." तिने दोरी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "म्हणून न्यायचं ठरलं. आणि मी नाही म्हटलं असतं तर मिंटी नेणार होती. ती अजून वळणाच्या मध्यावर ब्रेक मारते, डेन्झिल. म्हातारा पुढच्या पायांनी जरा कमकुवत झाला होता. तिथे पोचेपर्यंत त्याला नीट उभं राहता यायला हवं होतं."

मग ती म्हणाली, "चौथा पाय घे, तिला दहाला बाहेर काढायचंय," आणि मी चौथा पाय घेतला.